जिथे कुणी थांबलं नाही

(आमच्या गटाच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

मला बोलायला सांगितलं तेव्हा मी विचारलं, कशावर बोलू? उत्तर आलं, "त्या तुझ्या चालण्याबद्दल सांग." मी म्हटलं, अगं, दोन तास चालले, गुडघे दुखले, घरी येऊन पाय शेकले, यात भाषण करण्यासारखं काय आहे? पण खरं सांगायचं तर त्या दोन तासांनी माझी पाठ अजून सोडलेली नाही. तेव्हा आज तुम्हालाही त्यात ओढते.

मी पुण्याची. जन्म कसब्यातल्या वाड्यातला, आता सत्तरीला टेकले. शनिवारवाडा म्हणजे आमच्या लेखी सभेची जागा. मोर्चा काढला की शेवट तिथे व्हायचा, सतरंज्या अंथरायच्या, घोषणा द्यायच्या, पोलिसांनी उठवलं की उठायचं. तिकीट काढून आत जाऊन वाडा नीट पाहावा असं कधी मनातही आलं नाही. आपल्या गावात आपण पाहुण्यांना घेऊन जातो, स्वतः कुठे जातो?

२०२४ च्या जानेवारीत माझी नात सुट्टीला आली. वय वर्षं चौदा. तिला शाळेसाठी एका ऐतिहासिक शहरावर लिहायचं होतं. 'पेशव्यांची राजधानी, पायी, दोन तासांत' अशी एक सहल असते असं कळलं आणि आम्ही दोघींनी नावं नोंदवली. रविवारी सकाळी साडेसातला दिल्ली दरवाजासमोर जमलो. वीसेक माणसं होती, त्यांत बाराजणी बायका.

माहिती सांगणारा तरुण मुलगा हुशार होता, हे आधी सांगते. मला त्याची चेष्टा करायची नाही. त्याचा अभ्यास होता, आवाज खणखणीत होता, तारखा तोंडपाठ होत्या. त्यानं सुरुवातीलाच एक चांगली गोष्ट समजावून सांगितली. गादी साताऱ्याला, छत्रपतींची. पण १७४९ मध्ये शाहू महाराज गेले, त्यानंतर कारभार खऱ्या अर्थानं पुण्यातून चालू लागला. म्हणून पुणे ही राजधानी. पहिल्या बाजीरावांनी १७३० च्या जानेवारीत वाड्याचा पाया घातला, दोन वर्षांनी, १७३२ च्या जानेवारीत वास्तुशांत झाली. १७ नोव्हेंबर १८१७ ला वाड्यावर इंग्रजांचं निशाण चढलं, १८२८ मध्ये मोठी आग लागली आणि आतलं लाकडी काम सगळं गेलं. म्हणून आज आत गेलं की दिसतात ती जोती, कारंज्यांचे हौद आणि हिरवळ. भोवतीचा तट आणि दरवाजे तेवढे उभे.

आत एका जोत्यावर त्यानं आम्हाला बसवलं आणि ३० ऑगस्ट १७७३ ची गोष्ट सांगितली. नारायणराव पेशव्यांचा खून. गारदी आत घुसले, नारायणराव "काका, मला वाचवा" म्हणत धावले, वगैरे. तुम्हाला सगळ्यांना पाठ आहे. मग 'ध चा मा'. राघोबादादांनी लिहिलं होतं 'धरावे', आनंदीबाईंनी लेखणी घेऊन केलं 'मारावे'. एवढं सांगून तो थांबला, सगळ्यांकडे पाहून हसला आणि म्हणाला, "म्हणून सांगतो मंडळी, बायकांच्या हाती लेखणी देताना जरा जपून!"

सगळे हसले. मीही हसले.

तिथून आम्ही लाल महालाकडे गेलो. शहाजीराजांनी बांधलेला मूळ महाल केव्हाच नाहीसा झाला, आताची इमारत १९८० नंतरची, हेही त्यानं प्रामाणिकपणे सांगितलं. मग जिजाबाईंच्या नावाशी जोडलेला कसबा गणपती. मग शिवाजी रस्त्यानं दक्षिणेकडे, बुधवार पेठेत. डाव्या-उजव्या हाताला काय काय आहे ते तो सांगत होता. दगडूशेठ गणपतीपाशी सगळ्यांनी हात जोडले. समोर पत्रे ठोकून बंद केलेली एक मोकळी जागा होती. तिच्यावरून आम्ही सरळ पुढे निघालो. नातीनं विचारलं, "इथे काय होतं?" तो म्हणाला, "तो भिडेवाडा. पण आता पाडलाय ना, बघण्यासारखं काही नाही. चला, विश्रामबागेला उशीर होतोय."

पलीकडे बुधवारातल्या त्या गल्ल्या. तिकडे एका बाईंची पावलं वळली तर तो घाईघाईनं म्हणाला, "मॅडम, इकडे नको, आपल्याबरोबर लेडीज आहेत." जणू त्या गल्ल्यांत राहतात त्या कुणी वेगळ्याच.

मग दुसऱ्या बाजीरावांचा विश्रामबागवाडा, तुळशीबागेचं राममंदिर आणि शेवट मंडईत. साडेनऊ वाजले होते. त्या दोन तासांत आम्हा बाराजणींपैकी कुणालाही जाता येईल असं एकही स्वच्छतागृह वाटेत उघडं मिळालं नाही. निम्म्याजणी मुद्दाम पाणी न पिता आल्या होत्या, हे निघताना एकमेकींशी बोलताना कळलं. राजधानी बघायला जायचं तर आदल्या रात्रीपासून पाणी बेतानं प्यायचं, ही आपली तयारी.

रिक्षात बसल्यावर नातीनं मला विचारलं, "आजी, तू का हसलीस?"

मी म्हटलं, "कधी?"

"तो लेखणीचं म्हणाला तेव्हा."

मैत्रिणींनो, मला उत्तर देता आलं नाही. चाळीस वर्षं या चळवळीत काढली, शिबिरं घेतली, विनोदातला अपमान कसा ओळखायचा यावर मी स्वतः तुमच्यापुढे बोलले आहे. आणि तिथे सगळ्यांबरोबर हसले, कारण हसायची सवय आहे.

त्यातून हा विनोद माझ्या घरातला होता, हे मला त्या रात्री आठवलं. माझ्या आईला चौथीनंतर शाळेतून काढली. तिला पुढे शिकायचं होतं. ती रडली, उपाशी राहिली. तेव्हा तिचे काका काय म्हणाले होते? "पुरे झालं. आनंदीबाई व्हायचंय का तुला?" सगळं घर हसलं होतं म्हणे. आई ही हकिकत आम्हाला हसतच सांगायची. पण जन्मभर ती दुधाचा हिशेब कॅलेंडरच्या पाठीमागे लिहायची आणि कुणी आलं की कॅलेंडर उलटं करायची. लिहिताना कुणी पाहू नये. हे सगळं दीडशे वर्षांपूर्वीच्या एका अक्षरावरून.

म्हणून मी वाचायला बसले. मी काही इतिहासकार नाही. पण ग्रंथालयात जाऊन पुस्तक मागायला पदवी लागत नाही. काय सापडलं ते थोडक्यात सांगते.

खुनाचा तपास केला रामशास्त्री प्रभुण्यांनी. त्यांनी दोषी धरलं ते राघोबादादांना. देहान्त प्रायश्चित्ताशिवाय दुसरं प्रायश्चित्त नाही असं तोंडावर सांगितलं आणि पुणं सोडलं. 'ध चा मा' ही लोकांत रूढ झालेली कहाणी. न्यायाधीशानं बोट दाखवलं पुरुषाकडे, पण पोरीसोरींना धाक घालायला नाव उरलं बाईचं. आनंदीबाई निष्पाप होत्या असं माझं म्हणणं नाही. राजकारणात त्या होत्या, महत्त्वाकांक्षी होत्या. पण त्यांची अखेरची वर्षं नजरकैदेत गेली आणि १७९४ मध्ये त्या वारल्या, हे आपल्याला कुणी सांगत नाही. गोष्ट त्या एका अक्षरापाशी संपते.

आणि वाड्यातल्या बायकांच्या हाती लेखणी नव्हतीच का? होती. बाजीरावांच्या मातोश्री राधाबाई १७३५ मध्ये काशीयात्रेला निघाल्या, तेव्हा वाटेत राजपूत राजांनी त्यांचा मान राखला. ती नुसती तीर्थयात्रा नव्हती, मुलाच्या राजकारणाचं वजनही त्यातून दिसलं. नानासाहेबांच्या पत्नी गोपिकाबाईंनी नातवाला, सवाई माधवरावाला, दिवसभरात कसं वागावं याच्या सूचना लिहून पाठवल्या, त्या आज वाचायला मिळतात. खुनाच्या वेळी नारायणरावांच्या पत्नी गंगाबाई गरोदर होत्या. बारभाईंनी कारभार चालवला तो त्यांच्या नावानं. १७७४ च्या एप्रिलमध्ये पुरंदरावर मुलगा झाला, त्याला जन्मतःच पेशवाई मिळाली आणि गंगाबाई १७७७ मध्ये गेल्या. त्यांच्या पोटावर राज्य टिकलं. दोन तासांत त्यांचं नाव एकदाही आलं नाही.

त्या दिवशी वाड्यात एकटे नारायणराव मेले नाहीत. चाफाजी टिळेकर हा सेवक धन्याच्या अंगावर आडवा पडला आणि मारला गेला, हे आपल्याला माहीत असतं. पण मारल्या गेलेल्यांत दासीही होत्या. चाफाजीचं नाव निदान टिकलं. त्या बायकांचं नाव कुठल्या सहलीत ऐकलंय तुम्ही?

आता मी जे सांगणार आहे ते ऐकायला जड आहे. या वाड्यातलं दळण, कांडण, गोठ्यातलं शेण-पाणी कोण करत होतं? कुणबिणी, बटकी. म्हणजे विकत घेतलेल्या, बक्षीस दिलेल्या, किंवा 'बदकर्म' केलं असा ठपका ठेवून सरकारजमा केलेल्या बायका. पेशवे दप्तरातल्या कागदांत त्यांच्या खरेदी-विक्रीच्या नोंदी आहेत, त्यांना कुठल्या खात्यात कामाला लावलं त्याच्या नोंदी आहेत, पैसे भरून सुटका झाल्याच्याही आहेत. ज्या हिरवळीवर आपण सभा घेतल्या तिच्या आसपासच त्या वावरल्या असतील. आम्ही कसब्यातली माणसं वाड्याचा अभिमान सांगत मोठी झालो. त्या अभिमानाच्या हिशेबात ही बाजू आम्ही कधी धरली नाही. माझ्यासारखीनं तर हे आधी म्हटलं पाहिजे, कारण त्या वाड्यात माझ्या आज्या-पणज्या हळदीकुंकवाला गेल्या असतील, तर दुसऱ्या कुणाच्या आज्या-पणज्या जात्यापाशी बसल्या असतील.

आता त्या पत्रे ठोकलेल्या जागेकडे या. भिडेवाड्यात १८४८ मध्ये जोतिराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली. पेशवाई संपून जेमतेम तीस वर्षं झाली होती आणि शनिवारवाडा तिथून चालत दहा मिनिटांवर. सावित्रीबाईंच्या अंगावर शेण-दगड पडत, ते याच रस्त्यांवर. 'काव्यफुले' हे त्यांचं पुस्तक आलं १८५४ मध्ये. त्याच फुल्यांच्या शाळांतल्या मुक्ता साळवे या मांग समाजातल्या मुलीनं मांग-महारांच्या दुःखावर लिहिलेला निबंध १८५५ मध्ये 'ज्ञानोदय'त छापून आला. तेव्हा तिचं वय चौदा होतं असं सांगतात. माझ्या नातीएवढं. पुढे १८८२ मध्ये ताराबाई शिंद्यांचं 'स्त्री-पुरुष तुलना' छापलं गेलं तेही पुण्यातच. बायकांच्या हाती लेखणी दिली की काय होतं, याचं उत्तर द्यायला त्या मुलाला भिडेवाड्यापाशी दोन मिनिटं थांबावं लागलं असतं, इतकंच.

तो वाडा मोडकळीला आला होता, खाली दुकानं होती, वर्षानुवर्षं कोर्टात दावा चालला. २०२३ च्या डिसेंबरात तो पाडला. तिथे राष्ट्रीय स्मारक करायचं ठरलं. आपल्यातल्या कितीतरीजणींनी त्यासाठी निवेदनं दिली आहेत. स्मारक व्हावंच. पण 'बघण्यासारखं काही नाही' हे मला पटत नाही. शनिवारवाड्यात तरी काय आहे? जोतीच आहेत. पण तिथे कुणीतरी उभं राहून गोष्ट सांगतं, म्हणून आपल्याला सात मजली वाडा दिसतो. जिथे सांगणारा थांबतो तिथे इतिहास दिसायला लागतो. जिथून तो पुढे निघून जातो तिथे पत्रा दिसतो.

नुसती तक्रार करून काय करायचं? म्हणून आमच्या गटातल्या आठजणींनी मार्चमध्ये स्वतःच ही फेरी काढली. तोच रस्ता, तेच दोन तास, थांबे आपले. दिल्ली दरवाजाशी गंगाबाई आणि राधाबाई. आत कारंज्यांपाशी कुणबिणी. तिथे आम्ही कुणी काही बोललो नाही, एकीनं नोंद वाचून दाखवली आणि पुढे निघालो. मग मस्तानी दरवाजा. मस्तानीवर सिनेमा सगळ्यांनी पाहिला होता, पण घरच्यांनी तिला कोंडून ठेवलं, १७४० मध्ये बाजीरावांपाठोपाठ ती गेली आणि तिचा मुलगा समशेर बहादूर १७६१ मध्ये पानिपतावर मराठ्यांच्या बाजूनं लढून जखमांनी मेला, हे निम्म्याजणींना माहीत नव्हतं. पाबळला तिची कबर आहे. तिथेच पार्वतीबाईंचीही आठवण काढली. पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले, पण त्यांनी वैधव्य पत्करलं नाही. मरेपर्यंत, १७८३ पर्यंत, नवरा परत येईल म्हणत राहिल्या. लोकांना ते वेड वाटतं. आमच्यातली एक म्हणाली, "केशवपन टाळायचं तर दुसरा कुठला रस्ता होता तिला?" यावर आमचा चांगला अर्धा तास वाद झाला. व्हायलाच हवा.

भिडेवाड्याच्या जागेसमोर आम्ही सर्वांत जास्त वेळ उभ्या राहिलो. रहदारी इतकी की ओरडून बोलावं लागलं. फुलं विकणारी एक बाई शेजारी उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, "मला माहितीये की. माझी पोरगी बारावीला आहे." तेवढंच. पण आमची सगळी तयारी एकीकडे आणि तिचं ते वाक्य एकीकडे.

बुधवारातल्या गल्ल्यांत आम्ही गेलो नाही. यावरही बोलणं झालं. तिथल्या बायका म्हणजे प्रदर्शन नव्हे. आठजणींनी घोळक्यानं जाऊन त्यांच्याकडे पाहत राहावं, हे त्या मुलाच्या 'इकडे नको' इतकंच वाईट. पण कोपऱ्यावर उभं राहून आम्ही एकमेकींना सांगितलं की याही पुण्याच्याच बायका आहेत आणि त्यांना बोलायचं असेल तेव्हा त्यांनी सांगावं, आपण ऐकायला यावं.

विश्रामबागवाड्यात एक गंमत कळली. याच वाड्यात १६ नोव्हेंबर १८५२ ला सरकारनं शाळा काढल्याबद्दल जोतिरावांचा जाहीर सत्कार केला. पेशव्याच्या वाड्यात, मुलींच्या शाळेसाठी! आणि शेवटी मंडई. १८८६ मधली ही इमारत, आधी रे मार्केट. नगरपालिकेत असताना या बाजारावरच्या खर्चाला जोतिरावांनी विरोध केला होता आणि आज तिला नाव त्यांचंच. तिथे पहाटेपासून बसलेल्या भाजीवाल्या आम्हाला विचारत होत्या, "काय शोधताय बायांनो?" आम्ही म्हटलं, "तुम्हालाच." त्यांनी आम्हाला बसायला पोती दिली आणि स्वच्छतागृह कुठे आहे तेही दाखवलं. पुढच्या खेपेला नकाशावर ती पहिली खूण.

आता माझं मागणं. आपल्या गटानं दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ही फेरी काढावी. शुल्क नाही. वाचून यायचं, एकेक थांबा एकेकीनं घ्यायचा. जे नक्की माहीत आहे तेच सांगायचं; ऐकीव असेल तर ऐकीव म्हणून सांगायचं. आपण आनंदीबाईंच्या बदली दुसऱ्या कुणाची खोटी गोष्ट रचायची नाही. साताऱ्याच्या, कोल्हापूरच्या, नागपूरच्या ज्या मैत्रिणी आज आल्या आहेत, त्यांचीही गावं राजधान्याच होत्या. त्यांनी आपापले थांबे शोधावेत आणि अंकासाठी लिहून पाठवावेत.

त्या माहिती सांगणाऱ्या मुलाला मी फोन केला होता, हे सांगायचं राहिलं. त्याला राग येईल असं वाटलं होतं. तो म्हणाला, "काकू, तो विनोद मला ज्यांनी शिकवलं त्यांच्याकडून आलाय. मी कधी विचारच केला नाही." मी म्हटलं, "अरे, मीही नाही केला. मीही हसलेच होते." त्याला आमच्या थांब्यांची यादी पाठवली आहे. भिडेवाड्यापाशी दोन मिनिटं थांबायचं त्यानं कबूल केलंय. थांबतो की नाही, ते आपल्यापैकी कुणीतरी जाऊन बघा.

नातीनं शाळेसाठी लिहिलं. तिच्या निबंधात शनिवारवाड्याला एक परिच्छेद आहे आणि तिच्या पणजीच्या कॅलेंडरला एक. गुण किती मिळाले ते मी विचारलेलं नाही.

तर येत्या रविवारी, सकाळी सात वाजता, दिल्ली दरवाजासमोर. पाणी पिऊन या.